आभोगातलं नाव

धुळ्यात, देवपूरला उतरून अभिमन आबांचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवतात. 'गणिताच्या दीपमाला मॅडम' म्हटलं की पानवाला उठून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येतो. दीपमालाला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला थोडं सुख होतं. थोडंच, कारण घराच्या आत ती कुणीच मॅडम नव्हती. घरात बायकोपेक्षा, मुलीपेक्षा वरच्या पाटावर बसलेला एक माणूस होता आणि तो मरून पाचेकशे वर्षं झाली होती.

त्याचं नाव आल्हणपंडित. फारुकी सुलतानांच्या वेळेला थाळनेरच्या दरबारात होता. गाणी बांधायचा, गाण्याचं शास्त्र लिहायचा. त्याच्या शास्त्राची एक अर्धवट पोथी आबांना तरुणपणी पिंपळनेरकडच्या एका देवळात फडक्यात गुंडाळलेली सापडली. आबा तेव्हा शाळेत संस्कृत शिकवत. त्या दिवसापासून ते शाळेत फक्त पगारापुरते जात.

पोथीत सुरांची टिपणं नव्हती, नुसती वर्णनं होती. अमुक राग, अमुक ताल, इथे दोनदा फिरायचं, इथे थांबायचं. तेवढ्यावरून आबांनी आल्हणाचा एक प्रबंध, म्हणजे त्या काळचं मोठं बांधीव गाणं, पुन्हा उभं करायला घेतलं. एकेका ओळीला वर्ष वर्ष गेलं. दीपमालाची आई ताईबाई त्या काळात शिलाईची कामं घेऊन घर ओढत होती, आणि आबा ओसरीवर मांडीवर ताल धरून, "हाई नही, हाई नही," म्हणत डोळे मिटून बसलेले असत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

आल्हणाची गोष्ट मात्र ते फार रंगवून सांगत. प्रबंधाच्या शेवटच्या भागाला आभोग म्हणतात. आल्हणाचा नियम असा की आभोगाच्या शेवटच्या ओळीत, समेच्या अगदी अलीकडे, एक नाव गायचं. रचणाऱ्याचं नाही, राजाचं नाही, तर ज्याच्या गळ्यात हे गाणं पुढे जाणार त्याचं. ते नाव गायलं नाही तर प्रबंध पुरा झाला असं धरायचं नाही. सुलतानाने सांगितलं, तिथे आमचं नाव घाल. आल्हण म्हणाला, हुजूर, आपण गाणं ऐकता, पुढे नेत नाही. दुसऱ्या दिवशी पंडिताची चाकरी गेली. शिष्याच्या नावापायी आल्हण तापी ओलांडून गेला तो गेलाच, कुठे मेला कुणाला ठाऊक नाही. आणि ज्या नावासाठी त्याने भाकरी सोडली, पोथीत नेमकी तीच जागा कसरीने खाल्लेली. तिथे एक भोक आहे, बोट जाईल एवढं.

दीपमालाने ते भोक लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. बारा वर्षांची असताना एकदा ती आबांच्या पाठीला टेकून म्हणाली, "आबा, तठे मनं नाव टाका ना, दीपमाला."

आबा मनापासून हसले. ओसरीवर दोन-चार माणसं बसलेली होती, तीही हसली. "बेटा, तठे चार अक्षरं नही बसतस," आबा म्हणाले. "तीनच बसतस. काय करशी?"

पोरीने ते खरं मानलं. आबा तालाच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्याच वर्षी चाळीसगावकडचा योगेंद्र नावाचा एक मुलगा आबांकडे शिकायला आला आणि घरातच राहिला. त्याच्या नावात तीन अक्षरं होती.

तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर योगेंद्र बसायचा, आतल्या खोलीत चुलीजवळ दीपमाला. भिंत विटेची एकेरी होती. आबा योगेंद्रला एक ओळ वीसदा सांगत. त्याला विसाव्यांदा यायची, दीपमालाला पाचव्यांदा आलेली असायची. भाकरी थापताना ती ओठ न हलवता म्हणायची. आणि पुढे आकडेमोडीचं डोकं लागलं तसं तिने एक दिवस परातीच्या काठावर बोटाने ताल धरून हिशोब करून पाहिला. 'दी'वर ठहरायचं, 'प' नुसता लावून सोडायचा, 'मा' आणि 'ला' बरोबरीने, आणि 'ला'चा आकार नेमका समेवर. बसत होतं. चार अक्षरं काही न ओढता, काही न चेपता बसत होती.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. आबांना तर नाहीच. माणूस खोटं बोलला यापेक्षा, त्याने बसतंय का हे कधी करूनसुद्धा पाहिलं नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

योगेंद्र दहा वर्षं शिकला आणि पुण्याला गेला. 'दिवाळीला येतो' म्हणाला. तोवर आबांना आभोग सापडलेला नव्हता, प्रबंध शेपटाशिवाय होता. आभोग सापडला तो योगेंद्र गेल्यावर दोन वर्षांनी, ताईबाईच्या आजारपणात. आबांनी तो पहिल्यांदा पुरा गायला तेव्हा आत आईच्या पायाला तेल लावत बसलेल्या दीपमालाच्या हातून वाटी कलंडली. इतका सुंदर होता तो. आणि ओळीच्या शेवटी, समेच्या अलीकडे, आबांनी स्वच्छ आवाजात गायलं 'योगेंद्र'.

दोन वर्षांत ज्याचं एक पत्र नव्हतं, त्याचं नाव. पुढेही रोज सकाळी तेच नाव. आई गेली त्याच्या तेराव्या दिवसानंतरच्या सकाळीसुद्धा तेच. दीपमालाने लग्न केलं नाही, कारण आबांजवळ कुणीतरी पाहिजे होतं. नोकरी केली, घर बांधलं, आबांसाठी ओसरी मुद्दाम मोठी काढली. आणि रोज सकाळी डबा भरता भरता ते नाव ऐकलं. कुणाला हे सांगायला गेलं तर हसतील, म्हणून तिने सांगितलं नाही. पण जळायची ती. सरळ शब्दांत सांगायचं तर जळायची.

आबांनी काही लिहूनही ठेवलं नाही आणि कुणाला यंत्रावर भरूनही घेऊ दिलं नाही. आल्हणाने म्हटलंय, तोंडातून कानात. मग कान येईपर्यंत वाट पाहायची. दुसरा कान घरातच होता, भिंतीपलीकडे.

गेल्या शिमग्यात आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'हां' एवढा एकच शब्द उरला. पाणी पाहिजे तरी हां, नको तरी हां. दीपमाला चेहऱ्यावरून ओळखायला शिकली. महिनाभराने एका दुपारी ती शाळेतून आली तर आबा खाटेवर पडल्या पडल्या गात होते. शब्दांसकट. प्रबंधाची पहिली ओळ, अक्षर न् अक्षर स्वच्छ. तिला वाटलं वाचा आली. ती धावत जाऊन म्हणाली, "आबा, मनं नाव सांगा बरं." आबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि पाठ असलेलं गाणं राहतं. दीपमालाने मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही. या माणसात काय जाणार आणि काय राहणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

आणि मग यंदा श्रावण लागता लागता योगेंद्रचा फोन आला.

"अक्का, कशी शे तू?"

"शे तशीच शे," ती म्हणाली.

तेवढी अहिराणी त्याच्याकडे शिल्लक होती. पुढचं सगळं पुण्याचं. तो आता मोठा गवई होता, म्हणजे आल्हणपंडिताचा गवई होता. आल्हण त्यानेच शोधला असं पेपरात येत होतं, आणि त्याने ते कधी खोडून काढलं नव्हतं. जळगावला 'आल्हण महोत्सव' होणार होता. डाळीच्या मिलवाले नेमीचंद शेठ पाठीशी होते. माणूस दिलदार होता, गाण्यातलं कळत नाही हे स्वतःच सांगायचा. पहिल्यांदाच संपूर्ण प्रबंध सादर होणार, असं पत्रिकेवर छापून झालं होतं. फक्त आभोग नव्हता.

"आबांनी तो बसवला म्हणून कानावर आलं होतं," योगेंद्र म्हणाला. "कागद-बिगद काही आहेत का, अक्का?"

"कागद नाहीत."

"मग?"

"आबा गातात. अडखळतात, पण गातात. आणि जिथे अडतील तिथून पुढे मला येतं."

"तुला?" तो म्हणाला. त्या एका शब्दात दहा वर्षं तिच्या हातच्या भाकऱ्या होत्या. त्याला भाकऱ्या आठवत होत्या, करणारीला कान होते हे नव्हतं.

दीपमालाने मग शांतपणे सांगितलं. आभोग देईन, पुरा देईन. पण शेवटच्या ओळीत नाव माझं. दीपमाला. गाणं इतकी वर्षं या घरात माझ्यामुळे जिवंत राहिलं, आल्हणाच्या नियमाने ती जागा माझी आहे.

"एवढंच ना?" योगेंद्र हसून म्हणाला. "अगं, आनंदाने. रविवारी येतो. आणि अक्का, कळण्याची भाकरी करशील का?"

इतक्या चटकन मिळालेल्या होकाराने ती सावध व्हायला पाहिजे होती. पण सावधपणा नेमका तेव्हाच कुठे जातो कोण जाणे. शनिवारी तिने केस धुतले, आईची मोतिया रंगाची साडी काढून ठेवली आणि आतल्या आत हसत राहिली.

रविवारी योगेंद्र पेढे आणि शाल घेऊन आला. आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली, आणि "हां, हां, हां," एवढंच चाललं. दीपमालाने त्यांना उशीला टेकवून बसवलं. मग ती सतरंजीवर बसली, योगेंद्र बसायचा त्याच जुन्या. इतकी वर्षं ती सतरंजी तिने झाडली होती, बसली नव्हती.

योगेंद्रने मोबाइल भरून घ्यायला मधोमध ठेवला आणि तानपुऱ्याचा आवाज लावला. आबांनी डोळे मिटले आणि आभोग उचलला. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे सूर खाली उतरून पुन्हा वर येतो, तिथे ते अडले. तोंड उघडं राहिलं, डावा हात हवेत राहिला.

तिथून दीपमालाने उचललं.

तिचा आवाज काही तयारीचा नव्हता, शाळेत ओरडून जाडा झालेला होता. पण सूर जागच्या जागी होते. आबांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ही बाई कोण, असं त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. मग ते तिच्याबरोबर गाऊ लागले. बाप-लेक एका सुरात. तिने सूर हलू दिला नाही. हे पाहिजे होतं मला, एवढंच पाहिजे होतं, असं तिला वाटत होतं. शेवटची ओळ आली. आबांचा हात मांडीवर ताल देत होता. समेच्या अलीकडे तिने 'दी'वर ठहराव घेतला, 'प' सोडला, आणि 'दीपमाला' म्हणत बरोबर समेवर आली.

आबा थांबले. त्यांनी मान हलवली. डाव्या हाताने खाटेच्या कडेवर दोनदा आपटलं, तिला शाळेतल्या पोरीसारखं गप्प केलं, ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि त्या जागी एकट्याने गायलं, 'योगेंद्र'. मग त्याच्याकडे बघून वाकड्या तोंडाने हसले.

खोलीत तानपुऱ्याचा आवाज तेवढा चालू होता. योगेंद्रने हात लांब करून तो बंद केला.

"अक्का, आबांचीच इच्छा," तो म्हणाला. चेहरा अगदी पडलेला केला होता त्याने. "गुरूंच्या शब्दापुढे मी काय बोलणार?"

मोबाइल तोवर खिशात गेला होता. दीपमाला उठली. "भाकरी गार व्हई," ती म्हणाली आणि ताटं करायला आत गेली. योगेंद्रने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मिरचीचा ठेचा दोनदा मागितला, आणि जाताना जळगावला यायचं आग्रहाचं निमंत्रण दिलं.

ती गेली नाही. आबांजवळ कुणीतरी पाहिजे होतं.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी योगेंद्रने चित्रफीत पाठवली. दीपमालाने ती आबांच्या समोर उशीवर टेकवून लावली. का लावली हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याला सुख व्हावं असंही होतं आणि आपल्या जखमेवर आणखी मीठ पडावं असंही होतं. मागे झेंडूच्या माळा, मोठा फलक, पुढच्या रांगेत नेमीचंद शेठ पांढऱ्या कपड्यात हात जोडून. योगेंद्र सुरेख गात होता, ते नाकारून चालणार नव्हतं. आबांचा डावा हात पांघरुणावर ताल देत होता. आभोग आला. त्यांचा सगळा चेहरा उजळला. शेवटच्या ओळीला त्यांनी मान थोडी पुढे केली आणि ओठ त्या नावासाठी तयार केले.

योगेंद्रने पुढच्या रांगेकडे हात केला आणि गायलं, 'नेमीचंद'.

टाळ्या पडल्या. शेठजी बिचारे गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. शेजारच्याने त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा ते उठून नमस्कार करायला लागले. योगेंद्रने ती ओळ आणखी दोनदा घेतली. 'ने'वर ठहराव, 'मी' आणि 'चं' बरोबरीने, 'द' समेला चिकटवलेला.

आबांनी हात वर केला. पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच नाव आलं. तिसऱ्यांदा लावायला त्यांनी सांगितलं नाही.

तिने ओट्याशी जाऊन योगेंद्रला फोन केला. तो खुशीत होता. आयत्या वेळी सुचलं म्हणाला, शेठ तर रडले, पुढच्या वर्षीचा महोत्सव पक्का झाला. "आणि अक्का, आल्हण नोकरी घालवून बसला, आपण कशाला घालवायची?"

"तिथे तीनच अक्षरं बसतात ना?" तिने विचारलं.

"कोण म्हणतं? थोडं सांभाळून घ्यावं लागतं, बस."

तिने फोन ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नेमीचंद आणि दीपमाला यांच्या मात्रा तिने न ठरवताच मोजल्या. सारख्या होत्या.

ती डाळभाताचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा आबा गात होते. आवाज बारीक होता. आभोगच होता, पण पहिल्यांदाच तिच्याकडे बघून. दुसऱ्या ओळीचं वळण त्यांनी या वेळी न अडखळता घेतलं. शेवटची ओळ आली, समेच्या अलीकडची जागा आली, आणि तिथे ते थांबले. नाव घेतलं नाही. डावा हात मांडीवर ताल देत राहिला, ती एवढीशी जागा मोकळी जाऊ दिली, सम आली तशी बोटं टेकवली, आणि ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच थांबले. डोळे तिच्यावर होते. त्या डोळ्यांत काय होतं हे कळायला तिला अक्षरं लागत नव्हती. ती जागा तिची होती. तिने फक्त तोंड उघडायचं होतं, आणि आल्हणाचा प्रबंध पुरा झाला असता.

बाराव्या वर्षापासून तिने याचीच वाट पाहिली होती. आणि आता ती जागा तिच्यासमोर आली होती ती दोन माणसं येऊन वापरून गेल्यावर, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून.

आबांनी ओळ तिसऱ्यांदा घेतली. हात ताल देत राहिला. जागा आली.

दीपमालाने ताट त्यांच्यासमोर ठेवलं, भातात डाळ कालवली आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला.

"आबा," ती म्हणाली, "तठे चार अक्षरं नही बसतस."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां."